अण्णांचा चाकू पुन्हा कामाला: जुन्या घडीच्या चाकूची सफाई, धार आणि निगा

घडीचा चाकू वापरून सहसा खराब होत नाही. तो खराब होतो ट्रंकेत पडून, नाहीतर घाईनं गरगरत्या चाकावर धार लावून घेतल्यानं. आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या घरांत असे चाकू बरेच निघतात. आजोबांचा, चुलत्यांचा, कुणीतरी पलटणीतून आणलेला. बाहेर काढला की दोनच गोष्टी घडतात: शोभेला काचेच्या कपाटात जातो, किंवा बाजारात नेऊन 'जरा चकाचक करून द्या' म्हणून कुणाच्यातरी हातात दिला जातो. दुसरं जास्त वाईट. चकाचक होऊन परत येतो तेव्हा पात्यातलं निम्मं आयुष्य चाकावर उडून गेलेलं असतं.

माझ्याकडचा चाकू चुलत्यांचा, म्हणजे अण्णांचा. साडेतीन इंची पातं, शिसवी मूठ, आत पितळेचे पातळ पत्रे. मुठीच्या एका अंगाला अंगठा टेकून टेकून खोलगट झालंय, आणि ती खोलगट जागा नेहमीच्या उलट बाजूला आहे, कारण अण्णा डावखुरे. पातं शेकडो वेळा दगडावर गेल्यामुळे मधोमध किंचित अरुंद झालेलं. त्यांच्या तरुणपणी हा चाकू सशा-तितरांसाठी कमरेला असायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते दिवस संपले. आता ससाही नाही, तितरही नाही. जत्रेच्या निमित्तानं निघणारी पारधसुद्धा सरळ गुन्हा आहे. चाकू मात्र गळाच्या पिशवीत गेला आणि तिथं सुखात आहे. मासा साफ करणं, दोरी कापणं, उसाचं कांडं सोलणं, आंबा चिरणं, एवढी कामं एका पात्यावर होत असतील तर आणखी काय पाहिजे?

असा चाकू पुन्हा कामाला कसा लावायचा, ते खाली क्रमानं सांगतो. सगळ्या कामात एकच धोरण ठेवायचं: धातू कमीत कमी घालवायचा. एकदा घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

आधी हातात कोणता चाकू आहे ते ओळखा

घडीच्या चाकूत पातं उघडं कसं राहतं, ते पहिल्यांदा बघा. सगळ्यात जुना आणि साधा प्रकार म्हणजे मुठीच्या पाठीला आतून पोलादी कमान असते आणि ती पात्याच्या बुडावर दाब देते. उघडताना 'खट्' असा आवाज येतो तो त्या कमानीचा. यात कुलूप नसतं. पाठीवर जोर पडला की पातं मिटतं आणि वाटेत बोटं असतात. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, मासा साफ करताना तिचा परत विचार करायचा आहे.

दुसऱ्या प्रकारात पाठीवर खटका असतो. तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. तिसरा प्रकार फ्रान्सच्या ओपिनेलचा. ही कंपनी १८९० पासून लाकडी मुठीचे चाकू बनवते आणि १९५५ पासून त्यांच्या गळ्याशी फिरणारी कडी आली, ती फिरवली की पातं अडकतं. साधा, हलका, चांगला चाकू. पण पाटण-महाबळेश्वरच्या पावसात मूठ फुगते आणि पातं निघता निघत नाही. तो दोष लाकडाचा, चाकूचा नाही. उन्हात वाळला की सुटतो.

मग पोलाद ओळखा. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण चाकूंची बरीच स्टेनलेस पातीही चुंबकाला चिकटतात. पातं साबणानं धुऊन कोरडं करा, बुडाजवळ लिंबाचा एक थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. राखाडी डाग राहिला तर कार्बन पोलाद, काहीच झालं नाही तर स्टेनलेस. गावच्या लोहारानं गाडीच्या कमानपाट्यातून पातं घडवलं असेल तर डाग पडणारच. कार्बन पोलाद गंजतं, पण साध्या दगडावर पटकन धार घेतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही आणि धार लावताना आपल्यालाही देत नाही.

भिंगातून पात्याचं बूड बघा, म्हणजे खिळा जातो तो भाग. तिथं तडा दिसला तर चाकू कामातून गेला. आठवण म्हणून ठेवा, हातात घेऊन जोर लावू नका. बाकी गंज, डुगडुग, मोडलेलं टोक, हे सगळं निस्तरता येतं.

बसलेलं पातं उघडणं

पक्कड उचलण्याआधी आत काय अडकलंय ते बघा. २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांतल्या ट्रंका चिखलाखाली गेल्या, आणि त्यातून निघालेल्या चाकूंच्या सांध्यात नदीचा गाळ अजून बसलेला असतो. अशा चाकूत आधी तेल सोडलं तर गाळ आणि तेल मिळून चिकट लगदा होतो. वाळूचे कण असलेला तो लगदा आतले पत्रे ओरबाडतो. गाळ असेल तर पहिल्यांदा पाणीच. थंड पाण्याच्या बारीक धारेखाली सांधा धरा, जुन्या टूथब्रशनं घासा, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत. मग दिवसभर उन्हाच्या कडेला, थेट रणरणत्या उन्हात नाही, वाळू द्या.

नुसता गंज असेल किंवा गाळ धुऊन झाला असेल तर तेल. डब्ल्यूडी-४० सारखं आत शिरणारं द्रव्य चांगलं; ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता ते सहज मिळत नाही. खिळ्याच्या दोन्ही टोकांना आणि पात्याच्या बुडाशी थेंब थेंब सोडा, चाकू उलटा-सुलटा करत रात्रभर ठेवा. सकाळी नखाच्या खाचेत नख घालून बघा. नख तुटेल एवढा जोर करायचा नाही. खाचेत जुन्या एटीएम कार्डाची कड घाला किंवा पात्याच्या पाठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडीनं हलकेच धरा. केसभर उघडा, परत मिटा, तेल सोडा, परत थोडं जास्त उघडा. तेल लाल-तपकिरी होऊन बाहेर येईल, ते पुसत राहा. एका झटक्यात उघडायला गेलात तर गंजलेली कमान मोडते, आणि कमान मोडली की तो चाकू नुसतं पातं उरतो.

सांधा

लोक पात्याच्या मागे लागतात आणि सांधा विसरतात. मला उलट वाटतं: सांधा दुरुस्त असेल तर बोथट चाकूही भरवशाचा असतो.

पातं पूर्ण उघडून मुठीच्या खोबणीत बघा. कापूस, तंबाखूचा चुरा, माशाचे वाळलेले खवले, सगळं तिथं साठतं. बांबूची काडी चाकूच्या टोकासारखी छिलून तिनं उकरून काढा. लोखंडी सुई घालू नका, पितळ ओरखडतं. मग तेल, उघड-मिट, पुसणं. तेल स्वच्छ येईपर्यंत.

आता पातं उघडून टोकाशी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडी डुगडुग असेल तर खिळा सैल झालाय. खिळ्याचं एक डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवा (दुसऱ्या हातोडीचं डोकं व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळून ठेवलं तरी चालतं) आणि वरच्या डोक्यावर गोल तोंडाच्या लहान हातोडीनं टिचक्या मारल्यासारखं ठोका. मधोमध नको, कडेकडेनं गोल फिरत. चार-पाच टिचक्या, मग उघडून-मिटून बघा, मग परत. खिळ्याचं डोकं पसरतं आणि पत्रे जवळ येतात. घट्ट जास्त झालं तर तेल सोडून उघड-मिट करत राहिलं की मोकळं होतं. मूठ शिंगाची असेल तर हे काम स्वतः करू नका, शिंग खिळ्याजवळ चिरतं. जाणत्या कारागिराकडे न्या आणि तो ठोकत असताना समोर उभे राहा.

शेवटी सांध्यात एक थेंब खनिज तेल. शेंगतेल, जवस किंवा कुठलंही खायचं तेल इथं नको. ते कालांतरानं घट्ट होऊन गोंदासारखं चिकटतं. चाकू खाण्याच्या वस्तूंना लागणार असेल तर औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला घेतात तेच. पोटात गेलं तरी धोका नाही आणि सांध्याला उत्तम.

गंज घालवा, काळेपण ठेवा

जुन्या कार्बन पात्यावर दोन रंग असतात. तांबूस, बोटाला लागणारा, खरखरीत, तो गंज. राखाडी-काळा-निळसर, गुळगुळीत, बोटाला न लागणारा, तो वर्षानुवर्षांच्या कांद्या-लिंबा-माशांनी चढलेला पातळ थर. हा थर गंजाला बराच आवर घालतो. पातं आरशासारखं करायच्या नादात तो घासून काढणं म्हणजे चाकूची कवचं उतरवणं.

तांबूस गंजावर तेल टाकून एक-दोन तास ठेवा. मग तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेनं खरवडा. पोलाद या धातूंपेक्षा कठीण, त्यामुळे पात्याला ओरखडा जात नाही. उरलेल्यावर सगळ्यात बारीक, चार शून्याची स्टील वूल तेलात भिजवून घासा, नेहमी लांबीच्या दिशेनं. तरीही राहिला तर पाण्याचा पॉलिशपेपर, ८०० नंबरापासून पुढे. हार्डवेअरच्या दुकानात ८० नंबरचा कागद हातात देतील, 'एका मिनिटात निघतंय बघा' म्हणतील. निघतं खरं, पातंही निघतं. गंजानं पाडलेले बारीक खड्डे राहू द्यात. त्यांच्यात गंज जिवंत नसेल तर ते काही करत नाहीत.

घासून उघड्या पडलेल्या जागेवर काळा थर परत चढवता येतो. आपल्याकडे त्यासाठी हिरड्यासारखी चीज नाही. सह्याद्रीतला हिरडा टॅनिननं भरलेला असतो. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळा-काळा रंग होतो. जुनी काळी शाई याच जोरावर व्हायची. दोन चमचे हिरड्याची भुकटी वाटीभर पाण्यात उकळा, गाळा, गार होऊ द्या. पातं साबणानं धुऊन तेलाचा अंशही ठेवू नका, नाहीतर ठिपके पडतात. सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून बुडाला थोडं ग्रीस लावा. कापसानं हा हिरड्याचा काढा पात्याला फासा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, पुसा, परत फासा. दोन-तीन हातांत पातं जुन्या पाटीसारखं काळपट होतं. मग लगेच तेल. कडक काळा चहा आणि थोडा व्हिनेगर घेऊनही जमतं, पण वेळ लागतो.

मूठ

लाकडी मुठीला जवसाचं कच्चं तेल. बोटावर दोन थेंब, चोळा, तासाभरानं जादाचं पुसा, दोन दिवसांनी परत. इथं तेलाचं वाळून घट्ट होणं आपल्या फायद्याचं, कारण ते लाकडात मुरून बसतं. तेल लावलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मग टाका. वॉर्निश नको. ओल्या हातात वॉर्निशची मूठ सटकते.

मूठ सांबरशिंगाची असेल तर ती विकायच्या किंवा तशी नवी मूठ विकत घ्यायच्या फंदात पडू नका. सांबराची शिंगं, जंगलात गळून पडलेली असली तरी, उचलणं आणि विकणं कायद्यानं बंद आहे. म्हशीचं शिंग, शिसव, बाभूळ यांतून सुंदर मुठी होतात.

धार

मिरजेत सतारी बनतात, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या सतारींची मुळं शस्त्रांच्या धारेत आहेत. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तेव्हा मिरजेतल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, आणि पुढच्या पिढ्या सतारमेकर झाल्या. शस्त्र पाजवणाऱ्या हातांनी तारा लावल्या, त्यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे कान आणि बोटं लागतात. धार लावताना दगडाचा आवाज ऐकावा लागतो: कोन बरोबर असला की सलग 'सर्र' येतो, कोन चुकला की खरखर येते किंवा आवाजच बंद होतो.

विजेच्या कोरड्या चाकावर चाकू का देऊ नये, तेही इथंच सांगतो. पातळ धार चाकाला टेकली की क्षणात तापते. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला निळं पडतं, आणि निळं पडलं म्हणजे कार्बन पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरला. त्या जागेला धार लागते, पण टिकत नाही. दुसऱ्या माशाला बोथट. विळे-कोयत्याला चाक ठीक आहे, त्यांच्यात धातू भरपूर असतो. आपल्या चाकूला दगडच.

दगड दोन लागतात. कुरुंदाचा किंवा कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड, एक बाजू खरबरीत, एक मऊ, हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. दुसरा १००० नंबरचा पाण्याचा दगड मिळाला तर उत्तम. दगडावर पट्टी उभी ठेवून बघा. मधोमध खळगा असेल तर त्यावर पात्याचा कोन सारखा राहणार नाही. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड घासून आधी सपाट करा. पाणी वापरायचं की तेल हे एकदाच ठरवा. तेल प्यायलेल्या दगडावर पाणी नीट बसत नाही.

कोन. मासे आणि भाजीसाठी प्रत्येक बाजूला १५ अंश, दोरी-लाकूड अशी आडदांड कामंही असतील तर २०. अंश मोजायला कंपास नको: पातं २ सेंटिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून सुमारे ५ मिलिमीटर वर धरायची, २० साठी ७. जाड पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून ती उंची एकदा डोळ्यात भरून घ्या, मग पुठ्ठे बाजूला.

आता दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. धारेच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करनं रेघ मारा. पातं बुडापासून टोकापर्यंत एका सरकत्या हालचालीत ओढा, जणू दगडाचा पातळ काप काढायचाय. टोकाकडे जाताना मूठ किंचित उचला, नाहीतर गोलाईवर धार लागत नाही. दोन-तीन फेऱ्यांनी मार्कर बघा. धारेच्या अगदी कडेची शाई गेली आणि वरची राहिली तर पाठ जास्त उचलताय. वरची गेली आणि कडेची राहिली तर कमी. सगळी सारखी गेली की हात बसला.

एकाच बाजूनं घासत राहा. किती वेळा? आकडा विचारू नका, पात्याला विचारा. थोड्या वेळानं विरुद्ध बाजूला, पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर असा अंगठा फिरवलात की बारीक खरखरीत काठ लागेल. धारेच्या लांबीवरून बोट कधी फिरवू नका. तो काठ बुडापासून टोकापर्यंत सलग लागला पाहिजे. मध्ये कुठे तुटत असेल तर त्या जागी धार अजून कडेला पोचलेली नाही. मग दुसरी बाजू, पहिल्या बाजूला काठ येईपर्यंत. बोथट चाकूला इथं अर्धा तास लागू शकतो. रेडिओ लावा. या पायरीला कंटाळून पुढे गेलेला माणूस नंतर तासभर मऊ दगडावर घासत बसतो आणि 'पोलादच हलकं' म्हणतो.

काठ दोन्हीकडून आला की मऊ बाजू, मग असेल तर १००० नंबर. आता आलटून-पालटून, एक ओढ इकडे, एक तिकडे, आणि दाब कमी कमी करत. शेवटच्या ओढी नुसत्या पात्याच्या वजनाच्या.

उरलेला काठ चामड्यावर जातो. न्हावी वस्तऱ्याला पट्ट्यावर फिरवायचे तेच. कमरेच्या जुन्या पट्ट्याची मागची खरबरीत बाजू फळीवर ठोका, किंवा झिजलेल्या कोल्हापुरी चपलेचं तळ धुऊन-वाळवून वापरा. पातं पाठ पुढे, धार मागे असं ओढायचं. उलटं ढकललं तर चामडं कापलं जातं. आठ-दहा हात पुरे.

परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर. एका हातात कागद लोंबता धरा, वरच्या कडेवर पातं टेकवून खाली ओढा. अडखळलं तिथं धार राहिलीय. टोमॅटोच्या सालीवर नुसतं टेकवून ओढल्यावर कापलं तर मासा साफ करायला त्याहून जास्त काही लागत नाही. दंडावरचे केस उडवून दाखवणं म्हणजे फुशारकी.

टोक मोडलं असेल तर धारेकडून घासू नका. पाठीकडून उतार देत टोक खाली आणा, धारेच्या रेषेपर्यंत. धारेकडून घासलंत तर मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर डोकावतं आणि खिसा, पिशवी, बोट, जे सापडेल ते कापतं.

नदीकाठी

कृष्णेत सध्या गळाला सगळ्यात जास्त लागते ती चिलापी. मग कटला, रोहू, वाम, शिंगाळा, नशीब असेल तर मरळ. जुन्या चाकूनं हे सगळं होतं, फक्त एक काम त्याच्याकडून करून घेऊ नका: पाठीनं खवले काढणं. कुलूप नसलेल्या चाकूच्या पाठीवर जोर पडला की पातं बोटांवर मिटतं, आणि माशाच्या अंगावरचा चिकट रस हाताला लागलेला असताना मूठही घट्ट धरता येत नाही. खवल्यांना पोह्याचा चमचा वापरा, किंवा लाकडी पट्टीवर सोड्याच्या बाटलीची तीन बुचं उलटी ठोकून घ्या. शेपटीकडून डोक्याकडे. बादलीच्या पाण्यात धरून काढले तर खवले उडत नाहीत.

शिंगाळ्याच्या कल्ल्याजवळचे आणि पाठीवरचे काटे आधी पकडीनं मोडा. वामीच्या पाठीवरही काट्यांची रांग असते. मरळ हातातून निसटते, तिला चुलीतली राख चोळा.

पोट फाडताना गुदद्वाराशी टोक घाला, धार वर करून, उथळ, आणि कल्ल्यांपर्यंत उचलत न्या. धार वर असल्यानं जोर पातं उघडण्याच्या दिशेला पडतो. मिटायची भीती नाही आणि आतडीही फुटत नाहीत. यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी सांभाळून काढा. फुटली तर मांस कडू होतं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण रोहू-कटल्याचं कच्चं पित्त औषध म्हणून गिळणारे लोक आहेत, मधुमेहावर, डोळ्यांवर. ते गिळल्यानं मूत्रपिंडं बंद पडल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्यात. कुणी वडीलधारं मागत असेल तर हात जोडून नाही म्हणा.

आणि आतडी नदीत फेकू नका. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि त्यांना काठावर खायला मिळायची सवय लावली की पुढच्या वेळी तिथं धुणं धुणारी बाई असते. मासा काठापासून दूर, वर रानात साफ करा, घाण खड्डा करून पुरा. संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायची हौस आवरा.

काम झाल्यावर

लगेच थंड पाणी आणि साबण. गरम पाण्यानं माशाचा चिकट रस पात्याला आणि सांध्यात थिजून बसतो. फडक्यानं पुसा, सांध्यात जोरात फुंकर मारा, उघडाच ठेवून वाळवा, बुडाशी थेंबभर तेल. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे खाडीवर जात असाल तर खारं पाणी लागलेला चाकू त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुवा. सकाळी धुतो म्हणालात तर सकाळी पातं तांबूस.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, आत घाम येतो. जुन्या धोतराचा तुकडा तेलात ओलसर करून त्यात गुंडाळा आणि डब्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

खंडेनवमीला चाकूची पूजा आम्हीही करतो. पण ओलं हळद-कुंकू पात्यावर रात्रभर राहिलं की दसऱ्याच्या सकाळी बोटाच्या आकाराचा गंज मिळतो. आधी तेलाचा हात फिरवा, गंध मुठीला लावा, पात्याला झेंडूचं फूल टेकवा. आमच्या आत्यांना हे पटायला वेळ लागला. आता त्याच विळीलाही तेल लावून ठेवतात.

बरोबर नेताना

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं मोडतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं सोडून. आपला साडेतीन इंची चाकू त्यात येत नाही. तरी सण, निवडणूक, तणाव अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली बंदी-आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक जागी चाकू बाळगणंही येतं. गणपतीच्या मिरवणुकीला खिशात चाकू ठेवून जायचं कारणच नाही. बटण दाबून उघडणारा चाकू तर विकतच घेऊ नका. तो मासे साफ करायलाच होता, हे कुणाला पटवता येत नाही.

चांदोली, कोयना, सागरेश्वर अशा संरक्षित जंगलांत परवानगीशिवाय हत्यार नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सहलीला जाताना चाकू घरी ठेवा. धरणाच्या जलाशयावर गळ टाकायचा असेल तर तिथं मासेमारीचा ठेका कुणाचा, ते आधी विचारून घ्या. एसटीत गळ, दोरी, डबा यांच्या सोबत पिशवीच्या तळाशी मिटलेला चाकू असला की कुणी काही विचारत नाही, विचारलं तर सगळी पिशवी उघडून दाखवता येते. विमानानं जाणार असाल तर चेक-इन सामानात. केबिनच्या बॅगेत निघाला तर तपासणीवर ठेवून घेतात, आणि तिथल्या टोपलीत पडलेला चाकू हाती परत लागेल या भरवशावर राहू नका.